वजनाची वही कुणाची?

पत्र बरंच मोठं आहे. त्यातला गाभा तेवढा देते.

«ताई, माझे बाबा ६७ वर्षांचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले त्यांनी. पाच महिन्यांपूर्वी हार्ट फेल्युअर निघालं, पंपिंग ३० टक्के. डॉक्टरांनी रोज वजन करून लिहायला सांगितलं, म्हणून मी वही आणून दिली. रोज संध्याकाळी मी ती बघते आणि आकडा वाढला असेल तर काय खाल्लं ते विचारते. मागच्या महिन्यात रात्री अडीच वाजता त्यांना इतकी धाप लागली की अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. हॉस्पिटलच्या काट्यावर वजन भरलं ७१.२ किलो. घरी येऊन वही उघडली, तर नऊ दिवस ओळीने एकच आकडा : ६८.४. मी त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. भाऊ म्हणतो, त्यांना पलंगावरून उठूच द्यायचं नाही. आई रात्र रात्र जागून त्यांचा श्वास ऐकते. बाबांचं म्हणणं, बीपी १०४ आहे तर बीपीच्या गोळ्या कशाला? माझं चुकलं का? आणि आता करू काय?»

नऊ दिवस एकच आकडा लिहिणाऱ्या माणसाबद्दल आधी बोलू या. बाकीचं सगळं त्यातूनच उलगडेल.

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी ओघात आलंय : आकडा वाढला असेल तर काय खाल्लं ते विचारते. तुम्ही काळजीपोटी विचारता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण बाबांच्या जागी बसून बघा. सकाळी काट्यावर उभं राहायचं, आकडा खाली वाकून वाचायचा, आणि तो वाढलेला असला तर संध्याकाळी मुलीसमोर जबाब द्यायचा. जन्मभर दुसऱ्यांना जाब विचारलेल्या माणसाला हे किती लागत असेल! त्यांनी खोटं लिहिलं ते तुम्हाला फसवायला नव्हे, संध्याकाळची ती दहा मिनिटं टाळायला. मी एकवीस वर्षं हृदयरोग विभागात परिचारिका होते. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटला आणि घरच्यांना समजावून सांगणं हेच माझं काम. असल्या वह्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. ज्या आकड्यावर बोलणी बसतात तो आकडा लपतो. आणि हा आजार असा, की त्यात लपलेला आकडा माणसाला थेट आयसीयूत नेतो.

आता, वाढलेलं वजन म्हणजे काय हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. ते खाण्याचं वजन नसतं, पाण्याचं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब. हृदय पुरेशा जोराने रक्त पुढे ढकलत नाही, तेव्हा मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. शरीरात पाणीच कमी पडलंय असा त्यांचा समज होतो आणि ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. मग ते पाणी पायांत उतरतं, पोटात साठतं, शेवटी फुप्फुसांत चढतं. दम लागण्याच्या कितीतरी दिवस आधी काटा हे सांगत असतो. आणि त्याचं कारण दर वेळी खाणंच असतं असं नाही. साधा ताप-खोकला, हृदयाचे ठोके अनियमित होणं, गुडघ्यासाठी घेतलेली वेदनाशामक गोळी, औषधाचा डोस आता अपुरा पडू लागणं, यातलं काहीही असू शकतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही ‘काय खाल्लं?’ म्हणून विचारलंत, त्या दिवशी बाबांनी कदाचित काहीच वावगं खाल्लं नव्हतं. तरी त्यांना आरोपीसारखं उत्तर द्यावं लागलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच : ती वही बाबांना परत द्या. नुसती हातात ठेवू नका, तिची सगळी सत्ता त्यांच्याकडे जाऊ द्या. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन गोष्टी लिहाव्यात. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं. किती वाढलं की फोन करायचा तो आकडा. आणि फोन कुणाला करायचा त्याचा नंबर. साधारणपणे एका दिवसात एक-सव्वा किलो किंवा आठवड्याभरात दोन किलोंच्या वर वाढलं तर कळवा, असं सांगतात. बाबांसाठी नेमका आकडा त्यांचे डॉक्टर देतील, तोच खरा. काही डॉक्टर याच्याही पुढे जाऊन, वजन अमुक वाढलं तर लघवीची गोळी (जादा पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी) किती दिवस किती वाढवायची, हे लिहून देतात. तसं तुम्हाला मिळेल का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याच्या आधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा गादीवर किंवा सतरंजीवर नको, कडक फरशीवर हवा.

फोन बाबा करतील, तुम्ही नाही. त्यांना जमत नसेल तेव्हाच तुम्ही. हे मी मुद्दाम सांगतेय. आकडा वाढल्यावर ज्याला स्वतः काही करता येतं, त्याला तो लपवावासा वाटत नाही.

आणि संध्याकाळी वही बघणं बंद करा. आठवड्यातून एकदा, त्यांनी दाखवली तर, शेजारी बसून बघा.

पंपिंगच्या आकड्याचंही असंच झालंय तुमच्या घरी. ३० टक्के ऐकलं की लोकांना वाटतं, हृदय ७० टक्के संपलं. आजाराच्या नावातच ‘फेल’, वर ३० टक्के, म्हणजे नापासच! पण हा आकडा शंभरापैकी मिळालेले मार्क नाहीत. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर पडतं, ते प्रमाण आहे ते. धडधाकट माणसाचंही ते साधारण ५५ ते ७० टक्केच असतं. शंभर कुणाचंच नसतं. ४० किंवा त्याच्या खाली असलं की पंपिंग कमी म्हणतात. बाबांचं कमी आहे, यात वाद नाही. पण योग्य औषधांवर काही महिन्यांत ते वाढलेलं मी पुष्कळांचं पाहिलंय. आणि जेवढं वाढतं त्याहूनही माणूस जास्त सुधारतो, कधी कधी आकडा फारसा न हलताही. बाबांना हे कुणी सांगितलंय का? मला वाटतं, ते मनातल्या मनात स्वतःला नापास झालेला समजून बसलेत.

बीपीच्या गोळ्यांचा त्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. हिशेबाच्या माणसाने हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्याला ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. या गोळ्या त्यांना बीपी उतरवायला दिलेल्या नाहीत. हृदयावरचा भार कमी करायला, आणि हृदय आणखी ताणलं-फुगलं जाऊ नये म्हणून दिल्या आहेत; बीपी उतरतं तो त्यांचा जोडपरिणाम. अशा पेशंटला १०४ हा आकडा, चक्कर येत नसेल तर, बहुतेक वेळा चालतो. उठताना अंधारी येत असेल, तोल जात असेल, तर लगेच कळवायचं, पण गोळी आपली आपण सोडायची नाही. त्यातही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, एकदम बंद करणं फार धोक्याचं. या औषधाची गोष्ट बाबांना आवडेल. कमकुवत हृदयाला ते द्यायचंच नाही, असं एके काळी डॉक्टरांना शिकवलं जायचं. स्वीडनमधल्या काही डॉक्टरांनी १९७५ मध्ये ते मोजक्या पेशंटना देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा फार थोड्यांचा त्यावर विश्वास बसला. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. फायदा इतका उघड दिसत होता की दोन्ही चाचण्या ठरल्या मुदतीआधीच थांबवल्या होत्या. मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. ही गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे माणसाला उलट गळून गेल्यासारखं वाटू शकतं, म्हणूनच ती अगदी थोड्या डोसपासून हळूहळू वाढवतात. ही गळल्याची भावना येणार हे आधीच ठाऊक असलं, तर गोळी सुटत नाही.

बाबांच्या औषधांच्या यादीत कदाचित ‘शुगरची’ म्हणून ओळखली जाणारी एक गोळी असेल, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शुगर नसली तरी हृदयासाठी ती देतात. चूक झाली असं समजून कुणी ती बाजूला काढून ठेवू नये. उलट्या-जुलाब झाले किंवा दिवसभर अन्नपाणी गेलं नाही, तर मात्र ही गोळी आणि लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची की थांबवायची, हे फोन करून विचारायचं.

आता तुमच्या भावाला एक गोष्ट सांगा. पलंगावर झोपवून ठेवणं हा जुना उपचार होता, पूर्वी खरोखरच महिनोन् महिने झोपवून ठेवत. त्याने स्नायू जातात, मन खचतं, आणि स्नायू गेले की तेवढ्याच हृदयावर दम आणखी लवकर लागतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २,३०० हून जास्त पेशंट होते. हार्ट फेल्युअरच्या स्थिर पेशंटना नियमित व्यायाम सुरक्षित आहे, हे तिच्यातून दिसलं. नुकतंच अ‍ॅडमिट होऊन आलेत, तेव्हा किती आणि केव्हापासून ते डॉक्टरांना विचारून. घरातल्या घरात पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात झाली तरी पुष्कळ. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर वेग कमी करायचा. शेजारून भाऊच चालला तर फारच उत्तम. त्यालाही काहीतरी करायचंय, आणि काय करायचं ते कळत नाही म्हणून तो मनाई करतोय.

आईंबद्दल वाचताना मी थांबले. रात्रभर कुणाचा श्वास ऐकत पडणं काय असतं, ते जे पडलेत त्यांनाच ठाऊक. त्यांना ‘झोप गं’ म्हणून उपयोग नाही. त्यांना रात्रीच्या पहाऱ्याऐवजी दिवसाची काही नेमकी कामं द्या. संध्याकाळी बाबांच्या पायातला मोजा निघाल्यावर घोट्यावर वण किती खोल उमटलाय ते बघायचं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते बघायचं. आणि उशा मोजायच्या. पत्रात तुम्ही कंसात लिहिलंय, बाबांनी अ‍ॅडमिट होण्याआधी आठवडाभर तिसरी उशी घेतली होती आणि आईंनी ती मुकाट्याने काढून दिली होती. तीच ती खूण! आडवं पडल्यावर पायांतलं पाणी छातीकडे सरकतं आणि श्वास अडतो, म्हणून माणूस नकळत उशी वाढवतो. कधी खुर्चीतच झोपायला लागतो. बुटाची नाडी बांधायला वाकलं की दम लागतो. रात्री कोरडा खोकला येतो. आईंनी उशीची गोष्ट वहीत लिहिली असती, तर ६८.४ हा आकडा चौथ्याच दिवशी उघडा पडला असता. हे त्यांना दोष द्यायला नाही हं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना हे कळू द्या की खुणा सहसा आधी दिसतात, दिवसाउजेडी दिसतात, आणि त्या त्यांना दिसतात. मग रात्री डोळा लागेल.

बसल्या जागी धाप लागली, वाक्य पुरं होईना, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, एकदम गोंधळल्यासारखं झालं किंवा गुलाबी फेसाळ कफ पडला, तर वही, उशा, फोनवरचा सल्ला यांत वेळ घालवायचा नाही. सरळ अ‍ॅम्ब्युलन्स.

मिठाविषयी थोडक्यात, कारण तुमच्या घरी त्यावर आधीच फार बोलणं झालंय. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान सपाट चमचाभर, आणि त्यात पाकीटबंद, डबाबंद, खारवलेल्या पदार्थांतलं मीठही धरायचं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. हा गुणाकार बाबांना करू द्या. मीठ कमी सगळ्यांच्याच ताटात करा, वेगळं ताट नको. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. त्याहून जास्त हिताची, आणि फार कमी घरांत माहीत असलेली गोष्ट अशी : ‘कमी सोडियमचं’ म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बाबांच्या औषधांपैकी काहींनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढतं. दोन्ही मिळून ते इतकं चढू शकतं की हृदयाचा ठोका बिघडावा. चांगलं म्हणून आणलेलं हे मीठ घरात असेल तर आजच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही नकोत, त्या पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांत बरंच सोडियम असतं, हेही लक्षात असू द्या. पाणी मोजून प्यायचं की नाही, हे सगळ्यांना सारखं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच मोजा.

माझी एक चूक सांगते. पहिली काही वर्षं मी पेशंटना सगळं समजावून झालं की विचारायची, ‘समजलं ना?’ सगळे म्हणायचे, ‘हो.’ एक आजोबा तीन महिन्यांत तिसऱ्यांदा अ‍ॅडमिट झाले. पायांवर सूज, छातीत पाणी. गोळ्या वेळेवर घेत होते, मीठ सोडलं होतं. काही केल्या कळेना. शेवटी मी त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, ‘आजोबा, तुम्ही मला सांगा, लघवीची ही गोळी कशी घेता?’ त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘ही पाण्याची गोळी ना? तांब्याभर पाण्याबरोबर घेतो. एक थेंब ठेवत नाही.’ त्या गोळीला ‘पाण्याची गोळी’ म्हणायला मीच त्यांना शिकवलं होतं. त्या दिवसापासून ‘समजलं ना?’ मी सोडलं. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तुमच्या शब्दांत सांगा,’ असं म्हणायला लागले. तुम्हीही पुढच्या भेटीत हेच करा. डॉक्टरांचं बोलून झालं की बाबांना त्यांच्या शब्दांत परत सांगू द्या. मध्ये बोलू नका. चुकले तर डॉक्टर सुधारतील.

घरच्यांनी शिकण्याने खरंच फरक पडतो का, असं तुम्हाला वाटत असेल, तर पडतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत सत्तर आणि त्यावरच्या वयाचे २८२ पेशंट घेतले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच्या जोडीला नर्सने पेशंटला आणि घरच्यांना दिलेलं सविस्तर शिक्षण, आहाराचा सल्ला, औषधांची फेरतपासणी आणि घरी गेल्यावरची विचारपूस. तीन महिन्यांत दुसऱ्या गटात हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. नवीन औषध एकही नव्हतं. तुमच्या हॉस्पिटलात अशी हार्ट फेल्युअरची नर्स किंवा समुपदेशक आहे का ते विचारा, आणि एका भेटीला आईंनाही न्या. वर्षातून एकदा घ्यायची फ्लूची लस, आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकॉकलची लस, या दोन्हींबद्दल त्याच भेटीत विचारून घ्या.

आणखी एक विचारा, शक्यतो बाबांनीच : मन. या आजारात साधारण पाचांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि थकवा, झोप न लागणं, भूक नसणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे ते हृदयाच्या खात्यावर मांडलं जातं. तुमच्याशी न बोलणं हा नुसता राग आहे की सगळ्यातूनच मन उडालंय, हे तुम्ही जवळून बघू शकता. ते आईंशी बोलतात का? त्यांना पूर्वी जे आवडायचं, ते करतात का? नसतील, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यावर इलाज आहे. आणि पाच महिने तुम्ही एकटीने हे ओढताय. भावाने आठवड्यातले दोन दिवस पूर्ण घ्यावेत, औषधं, काटा, सगळं. तुम्ही त्या दिवशी विचारायचं नाही.

तुमचं चुकलं का? सगळ्यांसमोर बोललात ते चुकलं, आणि ते तुम्हालाही कळलंय, नाहीतर हे पत्र लिहिलं नसतं. माफी मागा. लांबलचक नको, आणि ‘पण तुम्हीसुद्धा’ असं शेपूट नको. ‘बाबा, मी वजनाचा आकडा तुमच्या वागण्याचा आकडा समजत होते. तो पाण्याचा होता. मला माहीत नव्हतं.’ एवढं पुरे. मग वही त्यांच्यासमोर ठेवा आणि उठून जा. लगेच बोलतील अशी अपेक्षा धरू नका.

ती नऊ पानं फाडू नका मात्र. ६८.४ वरून ७१.२, म्हणजे नऊ दिवसांत दोन किलो आठशे ग्रॅम पाणी साठलं. ते रोज थोडं थोडं साठलं की शेवटच्या तीन दिवसांत एकदम, याने डॉक्टरांच्या निर्णयात फरक पडतो. रोज काट्यावर तेच उभे होते, खरा आकडा त्यांनी पाहिला होता. काटा नेमका कोणत्या सकाळी हलायला लागला, हे घरात फक्त बाबांना ठाऊक आहे. ते बोलायला लागले की त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते त्याच पानांवर, शेजारच्या रकान्यात, त्यांनाच लिहू द्या.